ओढ्या-नाल्यांची जलगुणवत्ता : लोकांची देखरेख आणि स्मार्टफोनची साथ



नदीप्रदूषणाची चर्चा बहुधा नदीच्या मुख्य पात्रापाशी सुरू होते आणि तेथेच संपते. प्रत्यक्षात नदी म्हणजे तिला येऊन मिळणाऱ्या असंख्य ओढ्यांचा, नाल्यांचा आणि झऱ्यांचा समुच्चय होय. गावकुसाबाहेरचा ओढा किंवा शहराच्या मध्यातून वाहणारा नाला दूषित झाला की नदीही दूषित होते. शिवाय कपडे धुणे, गुरांना पाणी पाजणे, भाजीचे मळे भिजवणे, थोडीफार मासेमारी करणे ही सामान्य कुटुंबांची नित्याची कामे अनेकदा अशाच लहान प्रवाहांवर चालतात. या प्रवाहांच्या पाण्याची तपासणी कोण करते, त्यात सामान्य नागरिक आणि त्यांच्या हातातील स्मार्टफोन कोणती भर घालू शकतात आणि मिळालेल्या माहितीचे पुढे काय व्हावयास हवे, या तीन प्रश्नांचा विचार या व्याख्यानात केला आहे.

विद्यमान व्यवस्था आणि तिच्यातील पोकळी

पाणी हा विषय राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीतील राज्यसूचीत, १७ व्या क्रमांकावर आहे. त्यामुळे जलप्रदूषणाविषयीचा कायदा करताना संसदेला अनुच्छेद २५२ चा आधार घ्यावा लागला. म्हणजे काही राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केले आणि त्यानंतर जल (प्रदूषण प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, १९७४ संमत झाला. याच कायद्यान्वये सप्टेंबर १९७४ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची स्थापना झाली. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद ४८ अ द्वारे पर्यावरणाचे रक्षण हे राज्याच्या धोरणाचे मार्गदर्शक तत्त्व ठरले, तर अनुच्छेद ५१ अ (छ) द्वारे वने, सरोवरे, नद्या व वन्यजीव यांचे रक्षण हे प्रत्येक नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरले. लोकांच्या देखरेखीचा घटनात्मक पाया या कर्तव्यात सापडतो.

केंद्रीय मंडळ राज्य मंडळांच्या सहकार्याने राष्ट्रीय जलगुणवत्ता संनियंत्रण कार्यक्रम राबविते. या कार्यक्रमाखाली देशभरात चार हजारांहून अधिक तपासणी केंद्रे असून नद्यांचे नमुने सामान्यतः दरमहा किंवा दर तिमाहीस घेतले जातात. मंडळाच्या २०२२ च्या अहवालात ६०३ नद्यांवरील १,९२० ठिकाणांच्या तपासणीच्या आधारे २७९ नद्यांवरील ३११ प्रदूषित पट्टे निश्चित करण्यात आले होते. त्यापूर्वी २०१८ च्या अहवालात असे ३५१ पट्टे नोंदले गेले होते.

ही व्यवस्था आवश्यक आहे. परंतु तिची जाळी मोठी आहे आणि लहान प्रवाह त्या जाळीतून निसटतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशातील पहिल्या जलसाठे गणनेत २४,२४,५४० जलसाठ्यांची नोंद झाली. मात्र या गणनेतून नद्या, ओढे, झरे असे मुक्तपणे वाहणारे प्रवाह वगळलेले होते. म्हणजे तळ्यांची मोजदाद झाली, ओढ्यांची झाली नाही.

दुसरी पोकळी काळाची आहे. वर्षात ८,७६० तास असतात. दरमहा एक नमुना घेतला तर त्यातील केवळ १२ क्षणांची स्थिती कळते. एखाद्या कारखान्याने रात्री सांडपाणी सोडले, किंवा पहिल्या पावसात उकिरड्यावरील घाण ओढ्यात वाहून आली, तर ती घटना या १२ नमुन्यांत सापडेलच असे नाही. ओढ्याकाठी राहणाऱ्या माणसाला मात्र पाण्याचा रंग व वास बदललेला त्याच दिवशी कळतो. त्याचे हे ज्ञान नोंदीत कसे आणावयाचे, हा खरा प्रश्न आहे.

निकषांची ओळख

पाणी ‘चांगले’ की ‘वाईट’ हे त्याच्या उपयोगावर अवलंबून असते. म्हणून केंद्रीय मंडळाने नियोजित सर्वोत्तम उपयोगानुसार पाण्याचे पाच वर्ग केले आहेत. ‘अ’ वर्गातील पाणी केवळ निर्जंतुकीकरण करून पिण्यास वापरता येते. त्यात विरघळलेला प्राणवायू लिटरमागे किमान ६ मिलिग्रॅम असावा लागतो. ‘ब’ वर्ग स्नानासाठी असून तेथे ही मर्यादा ५ मिलिग्रॅम आहे. ‘क’ वर्ग रूढ शुद्धीकरणानंतर पिण्यासाठी व ‘ड’ वर्ग वन्यजीव व मत्स्यजीवनासाठी असून दोन्ही ठिकाणी किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू अपेक्षित आहे. ‘इ’ वर्ग सिंचन व औद्योगिक शीतनासाठी आहे.

जैवरासायनिक प्राणवायू मागणी हा दुसरा महत्त्वाचा निकष. पाण्यातील सेंद्रिय घाण कुजविताना जिवाणूंना जेवढा प्राणवायू लागतो, तेवढी ही मागणी. भारतीय मानकानुसार ती २७ अंश सेल्सिअस तापमानाला तीन दिवस नमुना ठेवून मोजतात. ही मागणी लिटरमागे ३ मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल तर तो नदीपट्टा प्रदूषित मानला जातो आणि ३० मिलिग्रॅमपेक्षा अधिक असेल तर तो पहिल्या प्राधान्यक्रमात येतो. विष्ठेतून आलेले प्रदूषण ओळखण्यासाठी कोलिफॉर्म जिवाणूंची मोजणी करतात. याखेरीज सामू, तापमान, गढूळपणा, विद्युतवाहकता, नायट्रेट व अमोनिया ही मोजमापे उपयुक्त असतात.

ओढ्यांच्या बाबतीत घरगुती सांडपाण्याचा वाटा विशेष ध्यानात घ्यावा लागतो. केंद्रीय मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातील नागरी भागात दररोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी निर्माण होत होते. उभारलेली शुद्धीकरण क्षमता ३१,८४१ दशलक्ष लिटर होती आणि प्रत्यक्ष शुद्धीकरण २०,२३६ दशलक्ष लिटरचे, म्हणजे सुमारे २८ टक्के होत होते. उरलेल्या पाण्याची वाट बहुधा जवळच्या नाल्यातूनच जाते.

स्मार्टफोन काय करू शकतो?

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. स्मार्टफोन पाण्यात बुडवून गुणवत्ता कळत नाही. त्याचे काम चार प्रकारचे आहे. पहिले, उपग्रहाच्या साह्याने स्थान आणि घड्याळाने वेळ यांची आपोआप नोंद. दुसरे, छायाचित्राचा पुरावा. तिसरे, रंगाचे वाचन : तपासणी संचातील रसायनामुळे पाण्याला किंवा कागदी पट्टीला जो रंग येतो, तो कॅमेरा लाल, हिरव्या व निळ्या घटकांत मोजतो आणि ठरावीक रंगपत्रिकेशी ताडून पाहतो. चौथे, ही सर्व नोंद तत्काळ एका सामायिक कोठारात पाठविणे.

जगात याचे अनेक प्रयोग झाले. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात आयबीएमच्या संशोधकांनी २०१० मध्ये ‘क्रीक वॉच’ नावाचे उपयोजन तयार केले. ओढ्याजवळून जाणाऱ्या नागरिकाने फक्त चार गोष्टी कळवावयाच्या होत्या : पात्रात पाणी किती आहे, प्रवाहाचा वेग कसा आहे, कचरा किती आहे, आणि एक छायाचित्र. कोणतेही रसायन नाही, कोणतेही प्रशिक्षण नाही. स्वित्झर्लंडमधील झ्युरिक विद्यापीठाच्या ‘क्राउडवॉटर’ प्रकल्पात प्रवाहाच्या छायाचित्रावर काल्पनिक मोजपट्टी ठेवून पाण्याची पातळी नोंदविण्याची सोय करण्यात आली. दक्षिण आफ्रिकेतील ‘मिनीसास’ पद्धतीत ओढ्यातील सूक्ष्मापेक्षा मोठ्या, डोळ्यांना दिसणाऱ्या अपृष्ठवंशी प्राण्यांचे १३ गट ओळखून गुण दिले जातात. स्वच्छ पाण्यातच जगणारे कीटक आढळले तर गुण अधिक. केवळ जळवा व गांडुळासारखे प्राणी उरले असतील तर गुण कमी. पाण्याचा नमुना त्या क्षणाची स्थिती सांगतो, तर हे प्राणी मागील काही आठवड्यांची हकिकत सांगतात.

भारतातही याची पायाभरणी झालेली आहे. २०१५ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ गंगा अभियान आणि राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र यांच्या सहकार्यातून ‘भुवन गंगा’ हे उपयोजन आले. गंगाकाठच्या नागरिकांनी प्रदूषणाच्या स्रोतांची स्थाननिश्चितीसह माहिती पाठवावी, असा त्याचा हेतू होता. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन अभियानात प्रत्येक गावातील पाच व्यक्तींना, शक्यतो महिलांना, क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याचे धोरण स्वीकारले गेले. अशा २४ लाखांहून अधिक महिला देशभरात प्रशिक्षित झाल्या. ही तपासणी पिण्याच्या पाण्यापुरती आहे. परंतु हेच कौशल्य गावच्या ओढ्यापर्यंत नेण्यास मोठा अतिरिक्त खर्च येणार नाही.

स्वस्त तपासणीच्या बाबतीत भारताचे योगदानही विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावे. ग्वाल्हेर येथील संरक्षण संशोधन संस्थेतील मांजा, मौर्य व राव या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये हायड्रोजन सल्फाइड चाचणी प्रसिद्ध केली. औषध लावलेल्या कागदाच्या बाटलीत पाणी भरून ते उबदार जागी ठेवावयाचे. विष्ठाजन्य प्रदूषण असल्यास पाणी काळे पडते. वीज नाही, प्रयोगशाळा नाही. ‘काळे की नाही’ या उत्तराचे छायाचित्र साधा स्मार्टफोनही घेऊ शकतो.

जड धातू, कीटकनाशकांचे अंश आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी यांसाठी मात्र प्रयोगशाळेला पर्याय नाही.

अचूकतेचा प्रश्न

नागरिकांनी घेतलेली मोजमापे कमी अचूक असतात, हा आक्षेप रास्त आहे. त्याचे दोन भाग करून पाहिले पाहिजे. यादृच्छिक त्रुटी संख्येने भरून निघते : एका मोजमापातील त्रुटी प्रयोगशाळेच्या चौपट असली, तरी १६ स्वतंत्र मोजमापांची सरासरी तितकीच विश्वसनीय ठरते, कारण सरासरीची प्रमाण त्रुटी नमुनासंख्येच्या वर्गमूळाने घटते. परंतु पद्धतशीर त्रुटी संख्येने भरून निघत नाही. कडक उन्हात घेतलेल्या सर्व छायाचित्रांत रंग फिका दिसत असेल, तर हजार छायाचित्रांची सरासरीही चुकीचीच येईल. त्यासाठी प्रत्येक छायाचित्रात रंगपत्रिका ठेवणे, सावलीत छायाचित्र घेणे आणि काही नमुने प्रयोगशाळेतही तपासून ताळा पाहणे आवश्यक असते.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा एका तालुक्यात ओढ्यांचे १०० पट्टे असून त्यांपैकी १० खरोखर दूषित आहेत. क्षेत्रीय चाचणी दहापैकी ८ दूषित पट्टे ओळखते आणि ९० स्वच्छ पट्ट्यांपैकी ९ चुकून दूषित ठरविते. एकूण १७ पट्ट्यांवर खूण होईल. प्रयोगशाळेने या १७ पट्ट्यांचे नमुने तपासले तर ८ दूषित पट्टे सापडतील. खुणेविना कोणतेही १७ पट्टे निवडले असते, तर सरासरीने दोनही सापडले नसते. म्हणजे सदोष चाचणीदेखील मर्यादित निधी योग्य ठिकाणी वळवू शकते. मात्र दोन दूषित पट्टे निसटले, हेही विसरता येत नाही. म्हणून खूण न झालेल्या पट्ट्यांपैकी काहींची यादृच्छिक तपासणी चालू ठेवावी लागते. नागरिकांची चाचणी हा अंतिम निवाडा नव्हे. तो प्रयोगशाळेला दिलेला दिशानिर्देश होय.

माहितीचे अर्थशास्त्र

प्रदूषण हा ऋण बाह्यपरिणाम आहे. लाभ एकाचा, खर्च दुसऱ्याचा. पाण्याच्या गुणवत्तेची माहिती ही तर सार्वजनिक वस्तू. ती एकाने वापरली म्हणून दुसऱ्यासाठी कमी होत नाही. त्यामुळे बाजार तिचे उत्पादन पुरेसे करीत नाही. २००९ च्या अर्थशास्त्रातील नोबेल पारितोषिकाच्या सहमानकरी एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी सामायिक साधनसंपत्तीच्या टिकाऊ व्यवस्थापनाची जी तत्त्वे मांडली, त्यांत वापरकर्त्यांनी स्वतः किंवा त्यांना उत्तरदायी असलेल्यांनी केलेली देखरेख हे एक प्रमुख तत्त्व आहे.

माहिती मिळाल्याने वर्तन बदलते काय? ज्योत्स्ना जालान व ई. सोमनाथन यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, गुरगावमधील ज्या कुटुंबांना त्यांचे पाणी दूषित असण्याची शक्यता कळविण्यात आली, त्यांनी घरी शुद्धीकरण सुरू करण्याचे प्रमाण इतरांपेक्षा ११ टक्केबिंदूंनी अधिक आढळले. माहितीचा उपयोग होतो, हे यावरून दिसते. परंतु हा प्रतिसाद खासगी आहे. ज्याला परवडते तो गाळणी यंत्र घेतो. प्रदूषणाचा स्रोत मात्र तसाच राहतो. ओढ्याचे पाणी प्रत्येकाने घरी शुद्ध करावे, हे उत्तर होऊ शकत नाही.

सार्वजनिक प्रतिसादाविषयी दोन अभ्यास उद्बोधक आहेत. मायकेल ग्रीनस्टोन व रेमा हॅना यांनी २०१४ मध्ये भारतातील पर्यावरणीय नियमनाचा आढावा घेतला. हवेबाबतच्या नियमांमुळे प्रदूषण घटल्याचे त्यांना आढळले, पण जलप्रदूषणाबाबतच्या उपाययोजनांचा मोजता येण्याजोगा परिणाम दिसला नाही. दुसरा अभ्यास गुजरातमधील. कारखान्यांची तपासणी करणाऱ्या लेखापरीक्षकांची निवड व मोबदला कारखानेच देत असत; त्यामुळे अहवाल मर्यादेच्या किंचित खालचे आकडे दाखवीत. एस्थर डुफ्लो व सहकाऱ्यांनी राज्य मंडळाच्या सहकार्याने केलेल्या प्रयोगात लेखापरीक्षक यादृच्छिक पद्धतीने नेमले गेले, मोबदला सामायिक निधीतून दिला गेला आणि काही मोजमापांची फेरतपासणी झाली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार अहवाल अधिक सत्यनिष्ठ झाले आणि कारखान्यांचे प्रदूषणही घटले. उपकरण तेच राहिले. मोजणारा कोणाला बांधील आहे, एवढेच बदलले. नागरिकांच्या देखरेखीचे मूल्य याच स्वातंत्र्यात आहे.

कायद्यातील स्थान

नागरिकाने काढलेले छायाचित्र न्यायालयात कितपत टिकेल? १९७४ च्या कायद्याच्या कलम २१ नुसार सांडपाण्याचा नमुना घेताना संबंधित भोगवटादारास सूचना द्यावी लागते; नमुन्याचे दोन भाग करून ते मोहोरबंद करावे लागतात. ही कार्यपद्धती न पाळता घेतलेला नमुना पुरावा म्हणून ग्राह्य धरला जात नाही. त्यामुळे स्मार्टफोनवरील नोंद कायदेशीर नमुन्याची जागा घेऊ शकत नाही. तो नमुना केव्हा व कोठे घ्यावा, हे मात्र ती सांगू शकते. १९८८ च्या दुरुस्तीने कलम ४९ मध्ये नागरिकालाही, मंडळाला ६० दिवसांची नोटीस देऊन, तक्रार दाखल करण्याचा मार्ग खुला झाला. २०१० च्या कायद्याने राष्ट्रीय हरित न्यायाधिकरण स्थापन झाले. २०२४ च्या जल दुरुस्ती अधिनियमाने अनेक उल्लंघनांसाठी कारावासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपयांपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. दंड आर्थिक असेल, तर उल्लंघन पकडले जाण्याची शक्यता वाढविणे अधिकच महत्त्वाचे ठरते. कारण प्रदूषणकर्त्यासाठी अपेक्षित खर्च म्हणजे दंडाची रक्कम गुणिले पकडले जाण्याची शक्यता होय. ही शक्यता वाढविण्याचा सर्वात स्वस्त मार्ग म्हणजे ओढ्याकाठचे हजारो डोळे.

सामाजिक मर्यादा

तंत्रज्ञानाचे लाभ सर्वांना सारखे पोहोचत नाहीत. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार (२०१९-२१) १५ ते ४९ वयोगटातील सुमारे ५४ टक्के महिलांकडे स्वतः वापरता येईल असा भ्रमणध्वनी होता. इंटरनेट कधीतरी वापरलेल्या महिलांचे प्रमाण ३३ टक्के, तर पुरुषांचे ५७ टक्के होते. ओढ्याशी सर्वाधिक संबंध येणाऱ्या महिलेच्याच हाती साधन नसेल, तर नकाशावर शहरी, सुखवस्तू वस्त्यांतील तक्रारी दाट दिसतील आणि खरी दूषित ठिकाणे कोरी राहतील. कोऱ्या जागेचा अर्थ स्वच्छ पाणी असा लावणे धोक्याचे आहे.

दुसरी मर्यादा सुरक्षिततेची. कारखान्याच्या नाल्याचे छायाचित्र पाठविणारा मजूर त्याच कारखान्यावर पोटासाठी अवलंबून असू शकतो. त्याचे नाव व स्थान गुप्त राहणे ही व्यवस्थेची जबाबदारी आहे. तिसरी मर्यादा श्रमाची. प्रशिक्षित महिलांकडून नियमित तपासणी अपेक्षित असेल, तर ती विनामूल्य सेवा गृहीत धरता येणार नाही. मानधन व संचाची वेळेवर पूर्तता यांची तरतूद अंदाजपत्रकातच हवी.

पुढील दिशा

या विवेचनातून काही व्यवहार्य सूचना निघतात. ग्रामपंचायत व प्रभाग पातळीवर ओढ्यांची यादी करून प्रत्येकावर ठरावीक निरीक्षणस्थळे निश्चित करावीत. प्रथम रंग, वास, फेस, कचरा व मृत मासे यांची साधी नोंद सुरू करावी. नंतर सामू, गढूळपणा, नायट्रेट व हायड्रोजन सल्फाइड या चाचण्या जोडाव्यात. शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांना ताळा पाहण्याचे काम द्यावे. स्मार्टफोन नसलेल्यांसाठी कागदी नोंदवही व दूरध्वनीची सोय असावी. माहिती राज्य मंडळाच्या संकेतस्थळावर मराठी, हिंदी, तमिळ अशा स्थानिक भाषांतून खुली असावी.

सर्वात महत्त्वाची सूचना प्रतिसादाची आहे. प्रत्येक नोंदीस किती दिवसांत उत्तर मिळेल, प्रयोगशाळेचा नमुना केव्हा घेतला जाईल आणि निष्कर्ष काय आला, हे नोंद करणाऱ्यास कळलेच पाहिजे. उत्तर न मिळालेला नागरिक दुसऱ्यांदा नोंद करीत नाही. आणि नोंदी थांबल्या की प्रदूषण थांबल्याचा भास निर्माण होतो.

परीक्षेच्या दृष्टीने हा विषय राज्यघटना, पर्यावरण, विज्ञान-तंत्रज्ञान आणि शासनव्यवहार अशा चार भागांना स्पर्श करतो. परंतु त्याचे महत्त्व प्रश्नपत्रिकेपुरते नाही. आजचे अनेक विद्यार्थी उद्या तहसीलदार, गटविकास अधिकारी किंवा प्रदूषण नियंत्रण मंडळाचे क्षेत्र अधिकारी होतील. त्यांच्या पटलावर एखाद्या वस्तीतील महिलेने पाठविलेले काळ्या पाण्याच्या बाटलीचे छायाचित्र येईल. ते अपुरे आहे म्हणून बाजूला ठेवावयाचे, की त्याच आठवड्यात ओढ्यावर जाऊन विधिवत नमुना घ्यावयाचा, हा निर्णय कोणतेही यंत्र घेणार नाही. तो त्या अधिकाऱ्यालाच घ्यावा लागेल आणि त्या ओढ्याचे भवितव्य त्यावरच ठरेल.